एका पुलाएवढी वाट

सहावीच्या वर्गात जपानचा धडा चालू होता. पुस्तकातल्या चित्रात शाळेला निघालेली जपानी मुले होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर चामड्याचे एकसारखे, पेटीसारखे कडक दप्तर होते. एका मुलाने विचारले, "गुरुजी, यांची दप्तरे शिपायांसारखी का?" मी म्हणालो, "त्यांच्याकडे तशी पद्धत आहे," आणि पुढे गेलो. शिक्षकापाशी अशी दोन-चार वाक्ये कायम तयार असतात. वेळ निभावते, पण घरी गेल्यावर मन खाते.

पोराचे मात्र बरोबर होते. त्या दप्तराला जपानीत 'रान्दोसेरू' म्हणतात. हा शब्द मुळी जपानी नव्हेच. डच भाषेत शिपायाच्या पाठीवरच्या पिशवीला 'रान्सेल' म्हणतात, त्याचे हे जपानी रूप. मग शोधू लागलो तर हे शब्द दिवाळीतल्या पणत्यांसारखे एकापाठोपाठ एक दिसू लागले. जपानी माणूस काचेला 'गारासू' म्हणतो, रबराला 'गोमू', पंपाला 'पोम्पू', वैद्याच्या शस्त्राला 'मेसू', बिअरला 'बीरू'. सगळे डचांचे. पावाला तो 'पान' म्हणतो, तो शब्द तेवढा पोर्तुगीजांचा. म्हणजे आपल्या 'पावा'चा सख्खा भाऊ.

खुद्द डचांच्या नावाचीही अशीच गंमत आहे. हॉलंडला पोर्तुगीज 'ओलांदा' म्हणत. ते ऐकून जपान्यांनी त्या देशाचे नाव 'ओरांदा' ठेवले आणि तिथल्या माणसाला पोर्तुगीज जे म्हणत ते ऐकून आपण त्याला 'वलंदेज' केले. वेंगुर्ल्याला ज्यांच्या वखारीची पडकी भिंत उभी आहे, ते हेच वलंदेज. एका टोकाला नागासाकी, दुसऱ्या टोकाला ॲमस्टरडॅम आणि वाटेत कुठेतरी सुरत नि वेंगुर्ले, असा हा पसारा होता. हॉलंडहून निघालेली बातमी जपानात पोहोचायला वर्ष उलटून जाई. इतक्या लांबच्या दोन देशांनी दोनशेवर वर्षे एकमेकांचा हात सोडला नाही, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो हात कोणाच्या जिवावर धरून ठेवला होता, तेही सांगितले पाहिजे.

आरंभ एका फुटक्या जहाजाने झाला. १५९८ साली रॉटरडॅमहून पाच जहाजे निघाली. त्यांतले एकच, १६०० च्या एप्रिलात, जपानच्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्याला कसेबसे लागले. जहाजाचे नाव 'लीफदे', म्हणजे 'प्रेम'. शंभरावर माणसांतली जेमतेम चोवीस-पंचवीस जिवंत होती आणि त्यांतल्याही बहुतेकांना उभे राहण्याचे त्राण नव्हते. विल्यम ॲडम्स हा इंग्रज सुकाणूवाला आणि यान योस्टेन हा डच, हे दोघे पुढे तोकुगावा इयेयासूच्या मर्जीतले झाले. यान योस्टेनचे घर जिथे होते त्या भागाला त्याच्या नावावरून आजही 'याएसू' म्हणतात. तोक्यो स्टेशनच्या एका बाजूला हे नाव रोज लाखो माणसे वाचतात. त्यांतल्या कितींना तो डच माणूस आठवत असेल कोण जाणे. जहाजाच्या पिछाडीवर इरॅस्मस या विद्वानाचा लाकडी पुतळा होता. तो फिरत फिरत एका खेड्यातल्या बौद्ध मंदिरात गेला आणि नौका घडवणाऱ्या चिनी पुराणपुरुषाची मूर्ती म्हणून तिथे राहिला. अंधश्रद्धेची जन्मभर टिंगल करणाऱ्या पंडितापुढे धूप जळत होता!

१६०९ साली इयेयासूने डचांना व्यापाराचा परवाना दिला आणि हिरादो या लहानशा बंदरात त्यांची वखार पडली. पहिली तीस वर्षे बरी गेली. माणसे गावात मिसळली, त्यांनी जपानी बायका केल्या, मुले झाली.

मग दिवस फिरले. पोर्तुगीजांबरोबर आलेला ख्रिस्ती धर्म शोगुनांच्या डोळ्यांत सलत होताच. १६३७ साली शिमाबारा भागात करांनी पिळलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांत ख्रिस्ती झालेले पुष्कळ होते. हारा किल्ल्यात ते अडून बसले, तेव्हा शोगुनच्या सरदारांनी डचांना मदत मागितली. डचांनी 'दे रैप' नावाचे जहाज आणून किल्ल्यावर तोफा डागल्या. ख्रिस्ती माणसांवर ख्रिस्ती तोफा. आपण पोर्तुगीजांसारखे नाही, आपल्याला फक्त व्यापार हवा, हे पटवायला त्यांनी ही किंमत मोजली. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की पर्याय नव्हता. असेल, पण व्यापाऱ्याला पर्याय नेहमी असतो, नफा सोडण्याचा. तो कोणी निवडत नाही इतकेच.

१६३९ साली पोर्तुगीजांना हाकलले. पुढच्या वर्षी ते मकावहून विनवणीला आले, तर वकिलातीतल्या एकसष्ट माणसांची मुंडकी उडवली. त्याच वर्षी डचांची पाळी आली. हिरादोच्या नव्या दगडी वखारीवर त्यांनी बांधणीचे साल कोरले होते, १६३९. हे साल येशूच्या जन्मापासून मोजलेले, तेव्हा इमारत पाडा, असा हुकूम आला. वखारीचा मुख्य फ्रान्स्वा कारोन जपानी भाषा आणि जपानी मन दोन्ही जाणून होता. त्याने हुज्जत न घालता तत्काळ पाडकाम सुरू केले. तो "का?" एवढे म्हणाला असता तरी सगळ्यांची डोकी गेली असती. आपले मराठी वाचक इथे थोडे थबकतील. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी असाच सल्ला आहे: व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, कारण यांच्यामागे यांचे राजे आहेत. अमात्यांना जपानची वार्ता असण्याचे कारण नाही. पण आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे आणि डचांच्या जहाजांवर व तांब्यावर मर्यादा घालणारा शोगुनांचा कायदाही १७१५ चाच. दोन शहाणी माणसे दोन समुद्रांवर एकच गोष्ट ओळखत होती. फरक एवढाच की तिकडे ती पाळली गेली.

वखार पडली, आणि घरेही मोडली. १६३९ मध्येच परदेशी पुरुषांपासून झालेली मुले आणि त्यांच्या आया यांना जहाजात बसवून डचांच्या जावा बेटावरच्या बटाव्हियाला, आजच्या जकार्ताला, धाडून दिले. परत यायचे नाही, अशी ताकीद. त्याआधी दोन वर्षे हिरादोची कॉर्नेलिया तिकडे गेली होती. तिचा बाप वखारीचा एके काळचा मुख्य. तो मेला, आई जपानातच राहिली आणि पोरगी समुद्रापार. पुढे तिने कंपनीच्या एका श्रीमंत अधिकाऱ्याशी लग्न केले. १६६५ साली काढलेले त्या कुटुंबाचे तैलचित्र ॲमस्टरडॅमच्या सरकारी संग्रहालयात आहे: भरजरी कपडे, दोन मुली, मागे गुलाम. चेहरा मात्र हिरादोचा. तिने जपानीत घरी पाठवलेल्या पत्रांतली दोन टिकली आहेत.

१६४१ साली डचांना नागासाकीच्या देजिमावर आणून बसवले. हे बेट मुळी पोर्तुगीजांना कोंडायला समुद्रात भराव घालून केलेले. आकार पंख्यासारखा, लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी ७५. आमच्या शाळेचे मैदान याहून फार लहान नसेल. गावाला जोडणारा एकच पूल, पुलाशी चौकी. डचांनी परवानगीवाचून बाहेर पडायचे नाही, त्यांच्या बायकांनी यायचे नाही, उघड प्रार्थना करायची नाही. पुलावरून आत जायची मुभा दुभाष्यांना, अंमलदारांना, ठरावीक व्यापाऱ्यांना आणि गणिकांना. जहाज उन्हाळ्यात यायचे आणि शरदात जायचे. मग आठ-नऊ महिने दहा-पंधरा माणसे एकमेकांची तोंडे पाहत बसायची.

हे सगळे का सोसले? आधी चांदीसाठी आणि मग तांब्यासाठी. १६६८ साली चांदी बाहेर नेण्यास बंदी आली, तेव्हा डचांनी तांब्यावर भर दिला. हे जपानी तांबे कोरोमंडल, बंगाल आणि सुरतेच्या बाजारांत विकले जाई. आपल्याकडे त्याचे पैसे पडत, भांडी होत. त्या पैशांत डच इथले कापड घेत, आणि त्यातले काही पुन्हा जपानला नेत. आपल्या छापील छिटांना जपानी लोक 'सारासा' म्हणत. त्यांचे वीत-वीतभर तुकडे चहाच्या भांड्यांच्या पिशव्या करायला जपून ठेवलेले आजही पाहायला मिळतात. जावाची साखर, बंगालचे रेशीम, सयामची हरणांची कातडी आत जात. आरिताची चिनी मातीची भांडी, कापूर, लाखकाम बाहेर येई. जपान्यांच्या लवकरच लक्षात आले की साखर खाऊन संपते, कापड फाटते आणि तांबे तेवढे कायमचे जाते. म्हणूनच १७१५ चा कायदा झाला: वर्षाला दोन जहाजे. १७९० पासून एकच.

वखारीच्या मुख्याला वर्षातून एकदा एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, शोगुनच्या पायाशी जावे लागे. पुढे ही फेरी चार वर्षांतून एकदा झाली. १६९१ आणि १६९२ साली एंगेलबर्ट केंप्फर हा जर्मन वैद्य त्या लवाजम्यात होता. शोगुन त्सुनायोशी पडद्याआड बसला आणि हुकूम सुटले: नाचून दाखवा, गाऊन दाखवा, दारू प्यायलेल्या माणसासारखे चाला, एकमेकांना कशी सलामी देता ते करा. केंप्फरने सारे केले, आणि नजर मात्र टिपत राहिला. त्याने लिहिलेला जपानचा इतिहास १७२७ साली इंग्रजीत छापला गेला आणि युरोपाने जपान शंभर वर्षे त्या पुस्तकातून पाहिला. दार बंद केलेला देश हे जपानचे वर्णन सर्वांच्या ओठी आहे. त्यासाठीचा 'साकोकू' हा शब्द १८०१ साली नागासाकीचा माजी दुभाषी शिझुकी तादाओ याने केंप्फरचाच एक भाग भाषांतरताना बनवला. म्हणजे आपले दार बंद आहे हे सांगणारा शब्दसुद्धा त्या दाराच्या फटीतूनच आला!

या दुभाष्यांविषयी मला फार ममत्व वाटते. पिढीजात घराणी ती. बापाकडून मुलाने बोलणे उचलायचे, ना धड कोश ना व्याकरण. मालाच्या याद्या करणे आणि जहाजाच्या कप्तानाने सांगितलेल्या जगाच्या बातम्या शोगुनासाठी लिहून काढणे, हे त्यांचे काम. पण माणसाच्या हाती दुसरी भाषा आली की तो याद्यांवर थांबत नाही. मोतोकी र्‍योएई याने १७७४ च्या सुमारास पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे जपानीत आणले. गुरुत्वाकर्षणासाठी शब्द घडवला तो वर सांगितलेल्या शिझुकीने.

एदोत तेव्हा वैद्यमंडळी डच पुस्तकांतली चित्रे पाहून चकित होत होती, पण अक्षर वाचता येत नव्हते. १८ एप्रिल १७७१ रोजी सुगिता गेनपाकू, माएनो र्‍योताकू आणि नाकागावा जुनआन हे तिघे कोत्सुकाप्पाराच्या वधस्थानावर गेले. एका स्त्रीच्या प्रेताचे विच्छेदन होणार होते. विच्छेदन करणारा नव्वदीचा म्हातारा होता. हे काम हलक्या समजल्या जाणाऱ्या लोकांकडे असे, वैद्यांनी फक्त पाहायचे. सुगिता आणि माएनो या दोघांनीही न सांगता एकच पुस्तक आणले होते, कुल्मुस नावाच्या जर्मन वैद्याच्या शरीररचनेच्या ग्रंथाचा डच अनुवाद. म्हातारा एकेक अवयव काढून दाखवी आणि हे चित्राशी ताडून पाहत. चिनी ग्रंथांत पढलेले जुळेना, डच चित्र तंतोतंत जुळे. परतताना तिघांना लाज वाटली, की शरीर कसे आहे हे ठाऊक नसताना आपण धन्यांची नाडी पाहत आलो. दुसऱ्याच दिवशी भाषांतराला बसले.

कशाच्या बळावर? माएनोला काही शेकडा शब्द येत होते, सुगिताला मुळाक्षरेही नव्हती. भुवई म्हणजे डोळ्यावरचे केस, एवढ्या एका वाक्यावर वसंतातला अख्खा लांब दिवस गेला, असे सुगिताने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. जो शब्द लागेना त्याच्यापुढे ते वर्तुळात फुलीची खूण करीत. पहिल्या वर्षी त्या खुणांचाच बुजबुजाट! १७७४ साली पुस्तक निघाले, 'काइताइ शिनशो'. मज्जातंतूसाठी त्यांनी 'शिन्केई' हा शब्द बनवला, तो आज जपानातच काय चीनमध्येही चालतो. सर्वांत जास्त डच येणाऱ्या माएनोचे नाव मात्र पुस्तकावर भाषांतरकार म्हणून नाही. काम अजून कच्चे आहे, असे त्याचे म्हणणे होते. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. छापील पानावर आपले नाव नको म्हणणारा माणूस किती विरळा, हे मला विचारा.

पुलाच्या आतल्या बाजूला काय चालले होते? १८०३ पासून हेंड्रिक डूफ मुख्य होता. नेपोलियनने हॉलंड गिळला, १८११ साली जावा इंग्रजांनी घेतले, जहाजे यायची थांबली. हॉलंड नावाचा देश नकाशावर उरला नव्हता तेव्हा त्याचा झेंडा देजिमावर फडकत होता. डूफने त्या रिकाम्या वर्षांत दुभाष्यांना घेऊन डच-जपानी कोश करायला घेतला. १८१३ मध्ये रॅफल्सने जावाहून माणसे पाठवून वखार मागितली, त्याने दिली नाही. १८१७ साली तो मायदेशी निघाला. कोशाची आपली प्रत पुढे बुडाली, बायको वाटेतच वारली. जपानी स्त्रीपासून झालेला एक मुलगा नागासाकीत राहिला, कारण अशा मुलांना देश सोडता येत नसे. त्याच्या पोटापाण्यासाठी डूफने साखर ठेवून तिच्या पैशांची तजवीज केली. मुलगा १८२४ साली, सोळा-सतरा वर्षांचा, वारला.

त्याच्या आदल्याच वर्षी फिलिप फ्रान्ट्स फोन झीबोल्ट देजिमावर उतरला. जातीचा जर्मन, पेशाने वैद्य. त्याचे डच ऐकून दुभाष्यांनी भुवया उंचावल्या. मी डोंगराळ भागातला डच आहे, असे सांगून त्याने वेळ मारून नेली. हॉलंडात डोंगर नाहीत हे तपासायला कोणाला जाता येत होते? नागासाकीबाहेर नारुताकीला त्याने शाळा घातली, मोतीबिंदू काढले, शिष्य तयार केले. कुसुमोतो ताकी या तरुणीपासून १८२७ साली त्याला इने ही मुलगी झाली. एका झुबकेदार निळ्या फुलझाडाला त्याने ताकीचे नाव दिले.

१८२६ च्या एदोच्या फेरीत त्याची गाठ राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासू याच्याशी पडली. झीबोल्टकडे क्रुझेनश्टेर्न या दर्यावर्दीचे प्रवासवर्णन होते. ताकाहाशीला ते हवे होते, कारण उत्तरेकडून रशिया येत होता आणि त्याला कळून घ्यायचे होते. बदल्यात त्याने इनो तादाताकाच्या मोजणीवरून केलेल्या जपानच्या नकाशाच्या प्रती दिल्या. नकाशा परक्याला देणे म्हणजे देहान्त शासन. १८२८ मध्ये बिंग फुटले. पन्नासाच्या आसपास माणसे शिक्षेत सापडली, त्यांत दुभाषी आणि शिष्य होते. ताकाहाशी १८२९ च्या मार्चात तुरुंगात मेला. खटला संपला नव्हता म्हणून प्रेत मिठात घालून ठेवले आणि पुढच्या वर्षी त्या प्रेताला मृत्युदंड ठोठावला. दोन्ही मुलांना बेटांवर हद्दपार केले. झीबोल्टला देश सोडण्याचा हुकूम झाला, एवढेच. तो युरोपात जाऊन जपानवर मोठमोठे ग्रंथ लिहून कीर्तिवंत झाला. त्याच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे; पण हे दोन हिशेब शेजारी मांडले की घशात काहीतरी अडकते.

इने दोन वर्षांची होती. बापाच्या शिष्यांनी तिला शिकवले. ती वैद्य झाली, पाश्चात्त्य पद्धतीने बाळंतपणे करू लागली. १८५९ साली हद्दपारी उठून झीबोल्ट परत आला तेव्हा ताकी आणि इने त्याला भेटल्या. तीस वर्षांनी. १८७३ साली सम्राटाच्या घरच्या एका बाळंतपणाला इनेला बोलावले होते. १९०३ साली ती वारली.

मधल्या काळात मोठ्या घडामोडी झाल्या, त्या थोडक्यात सांगतो. १८४४ साली हॉलंडचा राजा दुसरा विलेम याने शोगुनला पत्र लिहिले की जग बदलले आहे, दार उघडा. उत्तर आले: तुमच्याशी आमचा व्यापार आहे, राजकीय पत्रव्यवहार नाही, कृपया पुन्हा लिहू नये. दोनशे वर्षांच्या शेजारानंतर! १८५२ साली अमेरिकेचे आरमार येते आहे ही बातमीही डचांनीच आगाऊ दिली. १८५३ साली पेरीची काळी जहाजे आली तेव्हा होरी तात्सुनोसुके हा दुभाषी होडीतून जवळ गेला आणि इंग्रजीत एवढेच म्हणाला, की मला डच येते. अमेरिका आणि जपान यांची पहिली बोलणी झाली ती डच भाषेत. पाठोपाठ नागासाकीत डच अधिकारी जपान्यांना आगबोट चालवायला शिकवू लागले.

आणि इतके सगळे झाल्यावर १८५९ साली फुकुझावा युकिची हा तरुण एदोहून पायी योकोहामाला गेला. ओसाकाच्या शाळेत डूफच्या कोशाची एकच प्रत, तिच्याभोवती रात्र-रात्र बसून तो डच शिकला होता. योकोहामाच्या परदेशी दुकानांवरची एकही पाटी त्याला वाचता येईना. सगळे इंग्रजीत. तो खचून घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी इंग्रजी शिकायचे ठरवले. सुगिताच्या म्हातारपणच्या आठवणी १८६९ साली छापून आणल्या त्या याच फुकुझावाने.

विसाव्या शतकात या दोन देशांत जे घडले ते कडू आहे. १९४२ साली जपानने डचांचे इंडोनेशिया घेतले आणि सुमारे लाखभर डच बायका, मुले, पुरुष छावण्यांत कोंडले. १९७१ साली सम्राट हिरोहितो हॉलंडला गेले तेव्हा त्यांच्या मोटारीवर बाटली फेकली गेली. १९९१ साली राणी बेआट्रिक्स तोक्योला गेल्या आणि मेजवानीतच त्या आठवणींविषयी मोकळेपणाने बोलल्या. कॉर्नेलियाला घरी परतता आले नाही ते त्याच जावा बेटावरून, हे आपल्याला आठवते.

देजिमाच्या भोवतालचा समुद्र १९०४ पर्यंत भरावाखाली गेला होता. आता जुन्या वखारी पुन्हा उभ्या केल्या आहेत, आणि २०१७ साली पूलही नवा बांधला. त्यावरून शाळांच्या सहली जातात. हिरादोला १६३९ सालची ती पाडलेली वखार २०११ मध्ये जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हा उभी राहिली. कॉर्नेलियाची पत्रेही त्याच गावात जपून ठेवलेली आहेत.